व्हर्जन कोणतं, हे विचारायचं कुणाला?

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. सकाळी माझ्या पायथन स्क्रिप्टचा लॉग, म्हणजे तिच्या प्रत्येक फेरीची नोंद, उघडला तर शेवटची ओळ ॲट्रिब्यूटएररची होती: 'डेटाफ्रेम' ऑब्जेक्टकडे 'अपेंड' नावाचं काही नाही. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत हीच स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाने बिनबोभाट चालत होती. साडेसहाला पडली, आणि मग रात्रभर दर अर्ध्या तासाने तीच ओळ लॉगमध्ये उमटत राहिली.

स्क्रिप्ट मी लिहिलेली. तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या फायली उचलायच्या, एकापुढे एक जोडायच्या, तासातासाची सरासरी, किमान आणि कमाल काढायची आणि तक्ता तयार करून ठेवायचा, एवढंच तिचं काम. पण तो तक्ता बघून पुढे माणसं निर्णय घेतात. त्यात एक रिकामा रकाना दिसला तरी मला चैन पडत नाही, आणि इथे अख्खी रात्र रिकामी होती. कोडला सहा महिन्यांत कुणी हात लावलेला नव्हता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास मी सगळ्यात आधी बघितला.

एरर वाचताच कारण कळलं असं मला वाटलं. पांडाज म्हणजे तक्ते हाताळायचा पायथनमधला तयार कोड, लायब्ररी. तिच्यातल्या डेटाफ्रेमची, म्हणजे तक्त्याची, पुढे ओळी जोडणारी अपेंड ही मेथड जाणार, हे १.४ व्हर्जनपासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून जाहीर होतं. तेव्हापासून ती वापरली की फ्युचरवॉर्निंग यायची: पुढे ही मेथड नसेल, त्याऐवजी कॉनकॅट वापरा. एप्रिल २०२३ मध्ये २.० आलं आणि मेथड खरोखरच गेली. माझ्या लॅपटॉपवर १.५.३ होतं, तिथे वॉर्निंग दिसायची. सवडीने बदलू म्हणून मी ते काम मागे ठेवलं होतं. तेव्हा सर्व्हरवर कुणीतरी पांडाज २ बसवलंय, दुसरं काही नाही. व्हर्जन तपासायचं की झालं.

एरर संपता संपता पायथनने एक सूचनाही केली होती: तुम्हाला 'अंडरस्कोअर अपेंड' म्हणायचं होतं का? पायथन ३.१० पासून अशा सूचना येतात. नाव सापडलं नाही की मिळतंजुळतं नाव तो पुढे करतो, त्यामागे स्पेलिंगच्या साम्याखेरीज काही नसतं. ज्या नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर असतो ते लायब्ररीच्या आतल्या वापराचं, बाहेरच्यांनी त्यावर विसंबायचं नसतं. तो अंडरस्कोअर लावला असता तर स्क्रिप्ट तेव्हाच चालू लागली असती, आणि पुढे घडलं ते मला कधी कळलंच नसतं. घाईत असाल तेव्हा ही सूचना मान्य करू नका, एवढं मनापासून सांगते.

सर्व्हरवर लॉगिन करायची मुभा मला नव्हती. लॉगच्या फायली तेवढ्या माझ्याकडे कॉपी होऊन यायच्या. सर्व्हर सांभाळायला टीममधला एक तरुण सहकारी होता, त्याला फोन लावला. त्या दिवशीच्या सगळ्या कमांड मी तोंडी सांगितल्या आणि सगळी उत्तरं कानांनी ऐकली. सुरुवात पिपपासून केली, पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारा प्रोग्रॅम तो.

"टर्मिनल उघड आणि लिही: पिप, स्पेस, शो, स्पेस, पांडाज. सगळं स्मॉलमध्ये."

"लिहिलं, ताई."

"दुसऱ्या ओळीत व्हर्जन असेल, ते वाच."

"एक पॉइंट पाच पॉइंट तीन."

"पुन्हा वाच. दोन पॉइंट काहीतरी असेल."

"नाही ताई, एक, पॉइंट, पाच, पॉइंट, तीन."

मी गप्पच झाले. १.५.३ मध्ये अपेंड आहे. वॉर्निंग देईल, पण काम करील. ज्या व्हर्जनमध्ये मेथड आहे तेच व्हर्जन 'मेथड नाही' म्हणतंय, हे शक्यच नव्हतं. दोनांपैकी एक गोष्ट खोटी होती, आणि मला दोन्ही खऱ्या दिसत होत्या.

आज मागे वळून बघताना एक गोष्ट लागते. पिप शोच्या उत्तरात खाली 'लोकेशन' नावाची ओळ असते. ते पांडाज डिस्कवर नेमकं कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मी त्याला दुसऱ्या ओळीवरच थांबवलं होतं. आणखी पाच-सहा ओळी वाचायला सांगितल्या असत्या तर दुपार वाचली असती.

पुढचा तास आडवाटेला गेला. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये कुणी पांडाज याच नावाची स्वतःची पायथन फाइल ठेवली आहे का, ते बघायला सांगितलं. पायथन आधी स्क्रिप्टच्या शेजारी शोधतो, त्यामुळे अशी फाइल असली तर खऱ्या लायब्ररीऐवजी तीच उचलली जाते. पण तसं असतं तर एरर डेटाफ्रेमपर्यंत पोचलाच नसता. फाइल अर्थातच नव्हती. मग बसवलेल्या लायब्रऱ्यांची यादी देणारं पिप फ्रीझ चालवायला लावलं. त्यानेही १.५.३ च सांगितलं. तोच पिप, त्याच जागी बघणार, वेगळं काय सांगणार?

शेवटी म्हटलं, स्क्रिप्टच हाताने चालव.

ती चालली. शेवटपर्यंत चालली, तक्ताही तयार झाला.

"ताई, एक लाल-पिवळं काहीतरी येतंय मध्ये मध्ये. फ्युचरवॉर्निंग. द फ्रेम डॉट अपेंड मेथड इज डेप्रिकेटेड..."

"ते येऊ दे, ते माहीत आहे मला."

"लॉगमध्ये हे कधी बघितलं नव्हतं, म्हणून म्हटलं."

हे वाक्य त्याने सहज म्हटलं आणि मी तितक्याच सहज सोडून दिलं. त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा धागा तोच होता. तो मला दुपारी तीननंतर सापडला.

साडेदहाला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि ती पुन्हा पडली. तीच फाइल, तोच सर्व्हर, तोच युजर. हाताने चालते, क्रॉनने पडते.

आमच्या टीमच्या मॅडमना मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, तू पिपला विचारलंस. पडणाऱ्या स्क्रिप्टला विचारलंस का?"

मी म्हटलं, "मॅडम, दोन्ही एकाच मशीनवर आहेत."

"मशीन एक आहे. पायथन किती आहेत?"

मग त्यांनी तीन ओळी सांगितल्या. स्क्रिप्टच्या अगदी वर, पांडाज इम्पोर्ट झाल्या झाल्या, म्हणजे कोडमध्ये उचललं गेल्याबरोबर, तीन गोष्टी प्रिंट करायच्या. पहिली, सिस डॉट एक्झिक्युटेबल: हा प्रोग्रॅम कोणता पायथन चालवतोय त्याचा पूर्ण पत्ता. दुसरी, पांडाज डॉट, दोन अंडरस्कोअर, व्हर्जन, पुन्हा दोन अंडरस्कोअर. तिसरी, तशाच दुहेरी अंडरस्कोअरमधलं 'फाइल', म्हणजे ज्या फायलीतून पांडाज खरोखर उचललं गेलं तिचा पत्ता. मी त्या ओळी घातल्या, गिटवर ढकलल्या, सहकाऱ्याने सर्व्हरवर ओढून घेतल्या. हाताने चालवायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. जो पडतो त्यालाच बोलू द्यायचं. अकराची फेरी तोवर हुकली होती, म्हणजे साडेअकरापर्यंत थांबणं आलं.

त्या वेळात मॅडमनी डिसेंबर २०२१ ची आठवण सांगितली. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली तो महिना. २.१४.१ पर्यंतची २ मालिकेतली व्हर्जन धोक्यात होती. २.१५.० आलं, ते पुरेसं नाही म्हणून २.१६.० आलं, मग २.१७.०, सगळं त्याच महिन्यात. जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता: आपल्याकडे कोणतं व्हर्जन आहे? मॅडमच्या टीमने पहिल्या दिवशी बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधताना घेतलेल्या लायब्रऱ्यांच्या, यादीत बघितलं आणि 'आपल्याकडे नाहीच' असं कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका तयार घेतलेल्या ॲप्लिकेशनच्या जार फायलीच्या पोटात आणखी एक जार, आणि तिच्या पोटात लॉगफोरजे सापडलं. जार म्हणजे शेवटी झिपच. आतल्या मेटा-इन्फ फोल्डरमधल्या छोट्याशा प्रॉपर्टीज फायलीत व्हर्जन लिहिलेलं होतं, पण ते वाचायला दोन पाकिटं फोडावी लागली. "कळवलेलं मागे घ्यायला लागलं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी यादीला विचारत नाही. जे चालतंय त्याला विचारते."

आकडासुद्धा नेहमी सगळं सांगत नाही, हेही त्यांनीच दाखवून दिलं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा दुरुस्ती १.०.१ जी मध्ये आली. पण डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत १.०.१ ई होतं, आणि तिथे तोच आकडा ठेवून नुसती दुरुस्ती मागे आणून जोडली गेली. पॅकेजच्या नावामागचं शेपूट तेवढं बदललं. नुसतं '१.०.१ ई' वाचून कुणी घाबरलं असतं तर ते चूक, आणि आकडा तोच म्हणून दुरुस्ती झालीच असेल असं धरलं असतं तर तेही चूक. अशा ठिकाणी शेपटासकट अख्खा आकडा वाचावा लागतो, आणि तो पॅकेज मॅनेजरलाच विचारावा लागतो.

साडेअकरा वाजले. फोनवर लॉग उघडल्याचा आवाज आला, मग थोडी शांतता.

"ताई, पहिली ओळ: स्लॅश युएसआर, स्लॅश बिन, स्लॅश पायथन३."

हा आमचा पायथन नव्हता. आमचा पायथन प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता पायथन आणि लायब्रऱ्या वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरात होता. हा ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेला, उबुंटू २२.०४ चा ३.१०.

"दुसरी ओळ: दोन पॉइंट शून्य पॉइंट तीन."

"आणि तिसरी?"

"होम फोल्डर, मग डॉट लोकल, लिब, पायथन ३.१०, साइट-पॅकेजेस, पांडाज."

इतक्या वेळाने मला कुणीतरी खरं सांगत होतं.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. सहकारी टर्मिनल उघडायचा तेव्हा शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सुरुवातीच्या फायलीतूनच आमचं एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू व्हायचं. त्यामुळे त्याने टाइप केलेला पिप आणि पायथन, दोन्ही एन्व्हायर्नमेंटमधले. क्रॉन ती फाइल वाचत नाही. त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी, अगदी तोकडा असतो, युएसआर-बिन आणि बिन, बस्स. आमच्या क्रॉनच्या ओळीत नुसतं 'पायथन३' लिहिलेलं होतं, म्हणून त्याला पहिला सापडला तो सिस्टिमचा पायथन. सहकारी एका पायथनला विचारत होता आणि पडत होता दुसरा. दोघांची उत्तरं आपापल्या जागी खरी होती.

राहिलं ते डॉट लोकलमधलं २.०.३. ते तिथे कुठून आलं? प्रत्येक बसवलेल्या पॅकेजशेजारी डिस्ट-इन्फो नावाचं एक फोल्डर असतं. पिप शो जे सांगतो ते त्यातल्याच मेटाडेटा नावाच्या साध्या मजकूर-फायलीतून वाचून सांगतो. त्या फोल्डरची वेळ बघायला सांगितली. आदल्या दिवशीची, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. सहाची फेरी गेली होती, साडेसहाची यायची होती. आणखी एक बारकावा मला तेव्हाच कळला. माणसाने स्वतः नाव घेऊन बसवलेल्या पॅकेजच्या डिस्ट-इन्फोमध्ये पिप 'रिक्वेस्टेड' नावाची रिकामी फाइल ठेवतो. पांडाजच्या फोल्डरात ती नव्हती. शेजारच्या एका दुसऱ्या लायब्ररीच्या फोल्डरात होती. म्हणजे कुणी पांडाज मागवलंच नव्हतं. दुसरं काहीतरी मागवलं, त्याला नवं पांडाज लागत होतं, आणि पिपने ते बरोबर आणलं.

चौकशी केली तेव्हा कळलं, दुसऱ्या टीममधल्या एका मुलीने त्याच युजरखाली लॉगिन करून स्वतःच्या कामाची लायब्ररी बसवली होती. आमच्या एन्व्हायर्नमेंटला धक्का लागू नये म्हणून तिने आधी मुद्दाम डीॲक्टिव्हेट केलं, मग पिप इन्स्टॉल दिलं. सिस्टिमच्या फोल्डरात लिहायची परवानगी नव्हती, म्हणून पिपने एका ओळीत कळवलं की युजरच्या फोल्डरात, म्हणजे त्या डॉट लोकलमध्ये, बसवतोय, आणि बसवलं. ती काळजीपूर्वकच वागली होती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट युजरचं ते फोल्डर बघतच नाही, त्यामुळे आमच्या एन्व्हायर्नमेंटला खरंच काही झालं नव्हतं. फक्त आमची स्क्रिप्ट त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालत नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

इथवर पोचल्यावर दुपारी जेवून परत बसले तेव्हा मनात एक प्रश्न टोचत होता. क्रॉन सिस्टिमचा पायथन वापरतोय, तो काही आजपासून नाही. मग काल संध्याकाळी सहापर्यंत तो कोणतं पांडाज वापरत होता? १.५.३ तर एन्व्हायर्नमेंटमध्ये, तिथे तो कधीच गेला नव्हता.

आणि तेव्हा ते वाक्य आठवलं: लॉगमध्ये हे कधी बघितलं नव्हतं.

फ्युचरवॉर्निंग १.४ पासून येते. क्रॉनची स्क्रिप्ट १.५.३ वर चालत असती तर सहा महिन्यांच्या लॉगमध्ये ती वॉर्निंग हजारो वेळा दिसायला हवी होती. माझ्याकडच्या लॉगच्या सगळ्या फायलींमध्ये मी शोध घेतला. एकही नाही. म्हणजे क्रॉनचं पांडाज १.४ च्याही आधीचं होतं.

फोन पुन्हा लावला. "आता पूर्ण पत्ता देऊन लिही: स्लॅश युएसआर स्लॅश बिन स्लॅश पायथन३, मग स्पेस, डॅश, स्मॉल एस." हा डॅश एस दिला की पायथन युजरचं फोल्डर बाजूला ठेवतो. त्यापुढे पांडाज इम्पोर्ट करून व्हर्जन आणि फाइल छापायची छोटी ओळ.

"एक पॉइंट तीन पॉइंट पाच, ताई. स्लॅश युएसआर, लिब, पायथन३, डिस्ट-पॅकेजेस."

सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने बसवलेलं १.३.५. कुणी कधी बसवलं कोण जाणे, पण पायथन शोध घेताना युजरचं फोल्डर आधी बघतो आणि डिस्ट-पॅकेजेस नंतर. डॉट लोकल रिकामं होतं तोवर १.३.५ मिळत होतं. संध्याकाळी सहा बाराला त्याच्या पुढे २.०.३ येऊन उभं राहिलं. एका मशीनवर तीन पांडाज होती, आणि आमच्या कागदपत्रांत ज्याचं नाव होतं, ज्यावर मी स्क्रिप्ट तपासून बघितली होती, ते १.५.३ क्रॉनने एकदाही वापरलेलं नव्हतं. सहा महिने. एरर सुटल्याच्या आनंदापेक्षा या गोष्टीचा धक्का मला मोठा होता. तक्त्यातले आकडे बरोबर होते, दोन्ही व्हर्जनवर जुने दिवस पुन्हा चालवून मी ते ताडून बघितले, पण ते बरोबर निघाले हे आमचं नशीब.

दुरुस्ती लहानच होती. क्रॉनच्या ओळीत 'पायथन३' ऐवजी एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिला. साडेचारची फेरी चालली. लॉगच्या दुसऱ्या ओळीत १.५.३ आलं आणि खाली, त्या लॉगमध्ये पहिल्यांदाच, फ्युचरवॉर्निंग. ती बघून मला बरं वाटलं. डॉट लोकलमधलं २.०.३ आम्ही लगेच उडवलं नाही, त्यावर त्या मुलीचं काम चालू होतं. तिच्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करून दिलं, तिचं सगळं तिथे चालतंय हे तिने सांगितल्यावर मग काढलं.

अपेंडही त्याच आठवड्यात काढलं. लूपमध्ये अपेंड करत गेलं की प्रत्येक वेळी आधीचा सगळा तक्ता नव्याने कॉपी होतो. सगळे तुकडे एका साध्या लिस्टमध्ये गोळा करून शेवटी एकदाच कॉनकॅट केलं की ती कॉपी एकदाच होते. हे मी वर्षभर आधी करायला हवं होतं. स्क्रिप्टचा वेळ डोळ्यांना कळेल इतका कमी झाला.

त्यानंतर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच व्हर्जन तपासायचा तुकडा लिहायला घेतला, तिथेही दोन खाचखळगे लागले. एक नावांचा. पायथनमध्ये पॅकेज बसवायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. बसवताना पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल. बसवताना सायकिट-लर्न, इम्पोर्ट करताना एसकेलर्न. पायथन ३.८ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटा आहे, त्याला व्हर्जन विचारता येतं आणि ज्या पायथनमध्ये कोड चालतोय त्याच्याच वाटेवर तो शोधतो. पण त्याला बसवायचं नाव द्यावं लागतं. एसकेलर्न म्हणून विचारलं तर 'असं पॅकेजच नाही' म्हणतो, आणि माणूस समजतो की लायब्ररीच बसलेली नाही.

दुसरा खळगा तुलनेचा. व्हर्जन ही मजकुराची ओळ असते, आकडा नव्हे. मजकूर म्हणून बघितलं तर १.१० हे १.९ पेक्षा लहान ठरतं, कारण पॉइंटच्या पुढे १ आधी येतो आणि ९ नंतर. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या बाबतीत हे सरळ चुकतं, १.९ नंतर तिथे १.१० आलं आणि ती मालिका १.२६ पर्यंत गेली. 'पॅकेजिंग' नावाच्या लायब्ररीत व्हर्जनची तुलना नीट करायची सोय आहे, तीच वापरली.

मेटाडेटा डिस्कवरची फाइल सांगतो, आणि दुहेरी अंडरस्कोअरवालं व्हर्जन मेमरीत चढलेला कोड सांगतो, हा फरक पुढे ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या पानात, कामाला आला. नोटबुक चालू असताना त्यातूनच पांडाज अपग्रेड केलं, पिप शोने नवा आकडा सांगितला, पण कर्नल, म्हणजे नोटबुकमागे चालणारा पायथन, रीस्टार्ट करेपर्यंत वापरात जुनंच होतं. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. दोन्हीकडे विचारलं, उत्तरं जुळली नाहीत, रीस्टार्ट केलं.

सर्व्हरवर कमांड सांगायची वेळ अजूनही येते. आता मी नुसतं पिप म्हणत नाही. पायथनचा पूर्ण पत्ता, मग डॅश एम, मग पिप शो, असं सांगते, म्हणजे पिप त्याच पायथनचा असणार हे पक्कं. आणि उत्तर लोकेशनच्या ओळीपर्यंत वाचून घेते.

ऑगस्टमध्ये आम्ही स्वतःहून २.०.३ वर गेलो. रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीच्या, फायलीत दोन बरोबरच्या चिन्हांपुढे तो आकडा लिहिला, नवं एन्व्हायर्नमेंट उभं केलं, आठवडाभर जुन्याच्या बाजूला चालवून दोन्ही तक्ते ताडले. मग क्रॉनचा पत्ता बदलला. पुढच्या फेरीला सहकाऱ्याने फोन केला आणि मी न विचारताच तिन्ही ओळी वाचून दाखवल्या: पायथन आपला, पांडाज दोन पॉइंट शून्य पॉइंट तीन, फाइल एन्व्हायर्नमेंटमधली.